पट्टा कुणाचा, काम कुणाचं

झायमोग्राफी करायची असली की नव्या मुलांना माझी एकच ताकीद असते: सॅम्पल उकळायचं नाही आणि मर्कॅप्टोइथेनॉलच्या बाटलीला हात लावायचा नाही. एरवी उकळायची सवय हाताला इतकी जडलेली असते की सांगूनही कुणीतरी हीटिंग ब्लॉक चालू करून ठेवतंच. इथे एन्झाइम काम करताना बघायचंय. ते आधीच मारलं तर बघणार काय?

जेल ओततानाच त्यात जिलेटिन मिसळलेलं असतं. सॅम्पल धावून झालं की ट्रायटनने जेल धुवायचं. एन्झाइमची घडी उलगडणारं एसडीएस निघून जातं, घडी पुन्हा बसते. मग कॅल्शियमच्या बफरमध्ये ३७ अंशांवर रात्रभर. सकाळी कूमासीचा रंग चढवून उतरवला की सगळं जेल निळं, आणि जिलेटिन पचलंय तिथे स्वच्छ पट्टे: ९२ किलोडाल्टनपाशी एमएमपी-९, ७२ पाशी एमएमपी-२. ही दोन्ही एमएमपी जातीची एन्झाइमं टाइप-फोर कोलॅजेन तोडतात, आणि फुप्फुसातल्या गाठीला बाहेर पसरायचं तर त्याच कोलॅजेनचा पातळ पडदा, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, ओलांडावा लागतो.

त्यामुळे गाठीच्या लेनमध्ये ठळक पट्टा दिसला की मुलं हरखतात. मी लगेच विचारते, पट्टा ९२ चा की त्याच्या खालचा, म्हणजे सक्रिय रूपाचा? ९२ चं रूप शरीरात निष्क्रिय असतं. त्याच्याच साखळीचा एक तुकडा जस्ताच्या अणूवर बसून त्याला बंद ठेवतो. एसडीएस तो तुकडा हलवतं, आणि जेलवर हे महाशय बिनदिक्कत जिलेटिन खातात. ऊतीत त्याला रोखणारे टिम्पही धावताना सुटून गेलेले असतात. शिवाय गाठीचा तुकडा वाटला की त्यात न्यूट्रोफिल आले, मॅक्रोफेज आले. एमएमपी-९ त्यांचंही असतं.

एमएमपींना अडवणाऱ्या औषधांच्या बाबतीतही अशीच घाई नडली, असं माझं मत. मॅरिमास्टॅट, प्रिनोमास्टॅट यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या. आयुष्य वाढलं नाही, सांधे मात्र दुखू लागले. ही औषधं बऱ्याच एमएमपींना सरसकट अडवत होती, आणि त्यातली काही गाठीला आवरही घालतात. उंदरांच्या त्वचेत एमएमपी-८ चं तसं दिसलंय. रुग्णही बहुतेक पुढच्या टप्प्यातले, म्हणजे पडदा केव्हाच ओलांडलेला.

म्हणून आता जेलच्या जोडीला मी गोठवलेल्या गाठीचे पातळ काप घेते. त्यावर तुटल्यावरच चमकणारं जिलेटिन घालायचं. कापणी नेमकी कुठे चालू आहे ते तिथल्या तिथे दिसतं. शेजारी एमएमपींना बंद पाडणारं ईडीटीए घातलेली स्लाइड हवीच. तीही तितकीच चमकली, तर ते काम एमएमपीचं नव्हे.