भीमेच्या पाण्याला कृष्णाकाठचे नाव

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली एस.टी. टेंभुर्णीला थांबली, की उतारूंचे दोन तट पडतात. एक तट चहाच्या टपरीकडे धावतो आणि दुसरा पंढरपूरची गाडी कोठे लागते याची चौकशी करू लागतो. टेंभुर्णीला म्हणून कोणी येत नाही. येथे यायचे ते दुसरीकडे जायला. पंढरपूर, करमाळा, कुर्डुवाडीवरून बार्शी, असे फाटे येथून फुटतात आणि माढे तालुक्यातले हे गाव सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावते.

मी मात्र २०२४ च्या उन्हाळ्यात टेंभुर्णीलाच म्हणून उतरलो. कारण घडले ते वर्गात. यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’विषयी बोलत होतो. मागच्या बाकावरच्या सोलापूरकडच्या एका मुलीने विचारले, “सर, कृष्णाकाठच्या माणसाचे नाव आमच्या भीमेच्या पाण्याला कसे?” उजनी धरणाच्या जलाशयाला ‘यशवंतसागर’ म्हणतात, हे मला माहीत होते, पण ‘कसे’ याचे उत्तर मात्र जवळ नव्हते. मराठीच्या प्राध्यापकाला सन-सनावळ्या विचारू नयेत, असे मी हसून म्हटले खरे, पण प्रश्न मनात राहिला.

टेंभुर्णीहून धरणाकडे जायला वडाप मिळते. आठ माणसांच्या जागेत चौदा बसल्याशिवाय ते हलत नाही. दोन्ही बाजूंना उसाचे फड. माढ्याचा हा मुलूख एके काळी ज्वारीचा आणि दुष्काळाचा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही हयात आहेत. आता कारखान्यांची धुराडी दिसतात, औद्योगिक वसाहत दिसते, आणि हे सगळे ज्या पाण्यावर उभे आहे ते भीमानगरजवळच्या भिंतीमागे साठलेले असते. धरणाची भिंत अडीच किलोमीटरांची, दरवाजे एक्केचाळीस, एकूण साठा सुमारे ११७ टी.एम.सी. मात्र यातला निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टी.एम.सी., मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात वर्तमानपत्रे ‘उजनी उणे’ असे छापतात. शून्याच्याही खाली उरलेल्या पाण्यावर शहरेच्या शहरे तहान भागवतात, हे गणित मला काही केल्या पटत नाही.

वडापमध्ये शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. धोतर, टोपी, हातात रिकामी पिशवी. मी धरण पाहायला निघालो आहे हे कळताच म्हणाले, “मास्तर, धरान काय बघायचं? पाणी उतारलंय, गावं बघा. आमचं गाव त्यात हाय.” त्यांचे गाव करमाळ्याच्या अंगाला. ते पाण्यात गेले तेव्हा आजोबा ऐन तिशीत होते.

आता यशवंतरावांकडे वळतो. १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्रे येथे, आजोळी, त्यांचा जन्म झाला. वडील कोर्टात बेलीफ. ते प्लेगात लवकर गेले आणि आई विठाईने मुलांना कराडला वाढवले. शाळकरी वयात चळवळ, १९३२ साली तुरुंग, १९४२ ला भूमिगत जीवन, हे सगळे ‘कृष्णाकाठ’मध्ये आहे, आणि काय सुंदर आहे! पण पुस्तक थांबते १९४६ ला, लेखक मुंबईला निघतो तेथे. पुढचे भाग लिहून व्हायच्या आत, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले. म्हणजे ज्या वर्षांबद्दल महाराष्ट्राने त्यांच्याशी भांडण मांडले, नेमक्या त्याच वर्षांची त्यांची बाजू आत्मचरित्रात नाही.

भांडणे तरी केवढी! १९५५ साली फलटणला त्यांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंच्या बाजूला उभे राहू, असे सांगितले. लोकांनी ते कधीच पुरते विसरले नाही. आंदोलनात शंभराहून अधिक माणसे गोळीबाराला बळी पडली, तेव्हा ते मोरारजींच्या मंत्रिमंडळात होते. १९५६ ला ते द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धूळ चारली. पण १ मे १९६० ला मंगल कलश आणल्याचा मानही त्यांच्याच वाट्याला आला. नंतर १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा, जिल्हा परिषदा, सहकारी साखर कारखान्यांना पाठबळ. विरोधकांतली चांगली माणसे हेरून काँग्रेसमध्ये आणण्याच्या त्यांच्या रीतीला ‘बेरजेचे राजकारण’ असे नाव पडले. माझे मत विचाराल तर बेरीज फार चोख झाली, आणि त्यापायी महाराष्ट्राला दमदार विरोधी पक्ष बराच काळ लाभला नाही.

पाण्याची गोष्टही तेव्हाचीच. राज्याच्या पाटबंधाऱ्यांचा विचार करायला स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि १९६२ ला त्याचा अहवाल आला. त्याच वर्षी चीनचे संकट उभे राहिले आणि यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. उजनी बांधली गेली १९६९ ते १९८० या काळात, दुसऱ्यांच्या कारकिर्दीत. इकडे एक आख्यायिका सांगतात. भूमिपूजनाला आलेल्या यशवंतरावांनी म्हणे पंढरीच्या विठ्ठलाची हात जोडून क्षमा मागितली. तुझी चंद्रभागा मी अडवतो आहे, पण ते पाणी शेतांतून फिरून तुझ्याच पायांशी येईल, अशा अर्थाचे काही ते बोलले. शब्द कोणते होते कोण जाणे. माणसाला शोभणारी गोष्ट लोक बरोबर जपतात.

मी ती सांगितली तेव्हा आजोबा म्हणाले, “इट्टलाची माफी मागितली, ते ब्येस केलं. आमच्याकडं बी तोंड करून येक डाव मागायची हुती.”

आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक मित्र आहेत. मागे कधीतरी त्यांनी अमेरिकेचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची हकीकत सांगितली होती. सामान्यांचा कैवारी म्हणून निवडून आलेल्या या गृहस्थांनी १८३० साली कायदा करून मिसिसिपीच्या पूर्वेकडील मूळ रहिवाशांना नदीपलीकडे हाकलण्याची वाट मोकळी केली. १८३८ च्या त्या वाटचालीत चेरोकी लोक हजारोंनी मेले, आणि जॅक्सन यांची छबी अजून वीस डॉलरच्या नोटेवर आहे. ही तुलना ताणू नये. तेथे एका वंशाच्या जमिनी दुसऱ्याला द्यायच्या होत्या. येथे उठलेला आणि पाणी मिळालेला हे पुष्कळदा सख्खे पाव्हणे. शिवाय जॅक्सनने गुलाम राबवले, यशवंतरावांनी गरिबांच्या मुलांची फी माफ केली. तरी वडापमध्ये ती नोट मला आठवली खरी.

विस्थापितांना पर्यायी जमीन देण्याचा राज्याचा कायदा झाला १९७६ ला, म्हणजे बांधकाम निम्म्यावर आल्यानंतर. आजोबांना लाभक्षेत्रात जमीन मिळाली, ती दोन ठिकाणी विभागून. धाकट्या भावाची बुडाली नाही, काठावर राहिली. त्याने मोटारी टाकल्या, ऊस केला, बंगला बांधला. “तो बी माजाच भाऊ हाय की,” एवढेच ते म्हणाले.

भिंतीवरून पाहिले तर जलाशय कुठवर गेला आहे ते कळत नाही. त्याचे पाणी पार इंदापूर-दौंडपर्यंत जाते. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी उतरतात आणि पुण्यामुंबईची मंडळी कॅमेरे घेऊन येतात. त्या उन्हाळ्यात पाणी इतके उतरले होते की पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडले होते. लोक सहली काढून येत होते. आजोबांच्या गावातले देऊळही शिखरापर्यंत वर आले होते, असे ते सांगत होते. वाड्यांची जोती ओळखू येतात, आड मात्र गाळाने भरले.

आणि त्या गाळावर पेरणी चालली होती! पाणी मागे सरकले की जमीन ज्याची होती तो, किंवा जो आधी पोचेल तो, नांगर घालतो. याला इकडे गाळपेर म्हणतात. पीक हाती यायला पावसाने उशीर करावा लागतो, आणि तोही येथल्या नव्हे, वरच्या पुणे भागातल्या. आजोबांनी पिशवी बियाण्यासाठीच आणली होती. भीमानगरला उतरताना त्यांनी मला विचारले, “मास्तर, तुमच्या पुण्याला औंदा वळीव लवकर हाय का उशिरा?”