वीतभर फट

कोजागरी सरली की आमच्या घरात खुराड्याच्या डागडुजीचा विषय निघतो. निघतो म्हणजे काय, आम्हा दोघांपैकी कोणीतरी सकाळी परसात जाऊन येतो आणि "आज दव पडलंय" एवढेच सांगतो. पुढचे बोलावे लागत नाही. पोटमाळ्यावरची गोणपाटे उन्हात पडतात, दाभण आणि सुतळी शोधली जाते, आणि दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीच ती कशी जाणार हे ठरून जाते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. निफाड तालुक्यात, गावापासून थोडे बाहेर, २०१४ साली घर बांधले. आणि दोन वर्षांनी, पुष्कळशा हौसेने व थोड्याशा ज्ञानाने, कोंबड्या पाळल्या. मागाहून दोन संगमनेरी शेळ्या आल्या. महाराष्ट्रात थंडीचे नाव घेतले की लोकांना महाबळेश्वर आठवते. वस्तुतः राज्यातले नीचांकी तापमान पुष्कळदा आमच्याकडे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाते. ते वर्तमानपत्रात आले की पुण्या-मुंबईचे नातेवाईक कौतुकाने फोन करतात. इकडे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात, मणी तडकू नयेत म्हणून पाणी सोडलेले असते, आणि वस्तीवस्तीवर माणसे अर्धवट झोपेत धुराने खोकत असतात. त्यांना त्या कौतुकाचे काय होय!

मराठीत ऊन लागते, भूक लागते, तहान लागते. थंडी मात्र वाजते. हा 'वाजणे' दातांचा की आणखी कशाचा, यावर वर्गात आम्ही हसतखेळत पाच मिनिटे बोलू शकतो, आणि बोललोही आहोत. कोंबडीला थंडी वाजते काय, हा प्रश्न तेव्हा सुचला नव्हता. तो डिसेंबर २०१८ मध्ये सुचला आणि त्याचे उत्तर फार महाग पडले.

त्या वर्षी आमच्याकडे अकरा मोठ्या कोंबड्या होत्या आणि एका खुडूक कोंबडीखाली निघालेली नऊ तलंगे, सुमारे अडीच महिन्यांची. अखेरच्या आठवड्यात पारा उतरू लागला. दहा, सात, पाच, आणि एके सकाळी दोन अंशांच्याही खाली. आम्ही घाबरलो. घरात आम्हालाच दोन दोन रजया पुरत नव्हत्या. परसात ती मुकी पाखरे काय करत असतील, या विचाराने झोप येईना. मग आम्ही जे करायचे ते सगळे केले. तालुक्याला जाऊन ताडपत्री आणली. खुराड्याच्या चारही बाजू तिने लपेटल्या, वरच्या कडा पत्र्याखाली खोचल्या, खालच्या कडांवर विटा ठेवल्या, जिथे म्हणून वारा शिरेल असे वाटले तिथे चिंध्या कोंबल्या. आत दोनशे वॉटचा बल्ब सोडला. त्या पिवळ्या उजेडात सगळी पाखरे दाटीने बसलेली पाहून आम्हाला इतके समाधान झाले, की रात्री एक फेरी केवळ ते पाहण्यासाठी झाली. पुढे ताडपत्री सकाळीही पुरती काढेनासे झालो. उन्हे वर आली तरी गारठा होताच.

पाचव्या दिवशी दोन तलंगांच्या श्वासात घरघर ऐकू आली. सातव्या दिवशी त्यांतले एक गेले. आम्ही बल्ब आणखी खाली घेतला आणि पत्रा व ताडपत्री यांच्यामधली उरलेली फट बुजवली. त्यानंतरच्या चार दिवसांत आणखी पाच तलंगे गेली, आणि एक मोठी कोंबडी. आमच्याकडची सर्वांत जुनी, लाल, जरा भांडखोर. तिला नाव होते. ते इथे लिहीत नाही.

शेजारच्या वस्तीवरील आजी तेव्हा आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मेलेली कोंबडी पुरताना त्यांनी बांधावरून पाहिले होते. खुराड्याची ती पॅकबंद अवस्था पाहून त्या प्रथम काहीच बोलल्या नाहीत. मग ताडपत्रीचा कोपरा वर करून म्हणाल्या, "म्याडम, खाली बसा. सर, तुम्ही बी बसा. उभ्यानं काय कळतंय? कोंबडीच्या उंचीला नाक आणा."

आम्ही बसलो आणि डोके आत घातले. डोळ्यांत चर्रकन पाणी आले. तिखट, नाकात सुई घालावी तसा तो वास. रोज सकाळी आम्ही उभ्याने अंडी काढत होतो, खाद्य टाकत होतो, आणि आमच्या नाकापासून तीन फूट खाली हे शिजत होते. आजींनी ताडपत्रीच्या आतल्या अंगावरून हात फिरवला आणि आम्हाला दाखवला. तळवा ओला होता. "थंडीनं न्हाई मेली. वलीनं मेली," त्या म्हणाल्या. पुढे काही म्हणाल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

एका पाखराला घेऊन आम्ही पशुवैद्यकांकडे गेलो तेव्हा त्यांनी हेच शास्त्राच्या भाषेत सांगितले. कोंबडीच्या शरीराचे तापमान आपल्याहून बरेच जास्त, एक्केचाळीस अंशांच्या वर असते. पिसे फुलवून ती त्यांत हवा कोंडते आणि त्या हवेचीच रजई करते. धडधाकट, पिसे पुरती आलेल्या कोंबडीला दोन-तीन अंशांची कोरडी रात्र सोसते. मात्र ती श्वासावाटे पुष्कळ वाफ बाहेर टाकते, आणि तिची विष्ठाही ओली असते. वाफेला बाहेर जायला वाट नसली की खालचा तूस भिजतो, भिजलेल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो श्वासनलिकेचे आतले अस्तर जाळतो; मग एरवी निरुपद्रवी ठरणारा संसर्गही आत घर करतो. ओल्या पिसांत हवा कोंडता येत नाही, म्हणजे थंडीही मग खरोखर लागू लागते. आम्ही वारा बाहेर ठेवला नव्हता, वाफ आत ठेवली होती. आणि मरणारे पाखरू पाहून प्रत्येक वेळी आणखी एक चिंधी कोंबली होती.

या ठिकाणी एक कबुली द्यावीशी वाटते. तोवर सात-आठ वर्षे आम्ही आनंद यादवांची १९७१ची 'गोतावळा' ही कादंबरी आलटून पालटून शिकवीत होतो. नारबाचे जनावरांशी असलेले नाते आम्ही वर्गात किती ओघाने मांडत असू! 'एकरूपता', 'सहसंवेदना', 'माणूस आणि प्राणी यांच्यातील अद्वैत' असे शब्द फळ्यावर लिहीत असू, आणि मुले ते उतरवून घेत. त्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी शेळ्या-कोंबड्या होत्या. पुढच्या वर्षी कादंबरी पुन्हा उघडली तेव्हा 'सहसंवेदना' हा शब्द लिहिताना खडू अडखळला. आम्हाला त्या पाखरांविषयी जे वाटत होते ते खोटे नव्हते. पण आम्ही आमची थंडी त्यांच्या अंगावर पांघरली होती. नारबा हे करणार नाही, कारण तो गोठ्यातच निजणारा आहे. त्याचे नाक योग्य उंचीला आहे.

असो. तेव्हापासूनची आमची हिवाळ्याची तयारी सांगतो. वाचकांपैकी कोणाच्या परसात चार कोंबड्या असतील तर उपयोगी पडेल.

पडदा गोणपाटाचा; ताडपत्री फक्त अवकाळी पावसासाठी. पडदा खालून वर ओढायचा, वरून खाली सोडायचा नाही. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण सारे त्यातच आहे. खालून वर आलेला पडदा बसलेल्या पाखरांना वाऱ्यापासून झाकतो आणि छपराखाली वीतभर फट उरते, तिच्यातून वाफ निघून जाते. बसण्याची दांडी त्या फटीच्या बरीच खाली हवी. सकाळी ऊन आले की पडदा पुरता पाडायचा. जमिनीवर साळीचा तूस चार बोटे, तो दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचा, आणि मुठीत दाबल्यावर त्याचा लाडू होऊ लागला तर काढून टाकायचा. संध्याकाळी मूठभर मका जास्त. पहाटेचे पाणी कोमट. बल्ब केवळ आईविना असलेल्या लहान पिलांना. पहिल्या आठवड्यात त्यांना पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवायची असते. खुडूक कोंबडी असली की हे गणित ती आपल्या पंखाखाली करते, आपण लुडबुड करू नये.

अंडी कमी होतात ती थंडीने, अशी आमची समजूत होती. ती मुख्यतः उजेडाने कमी होतात. भरघोस अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या पुढे उजेड लागतो, आणि आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात दिवस जेमतेम अकरा तासांचा. संध्याकाळी दिवा लावून तिला फसवता येते. व्यवसाय करणारे तसे करतात, त्यांचे पोट त्यावर आहे. आम्ही दिवा लावत नाही. संक्रांतीनंतर अंडी आपोआप वाढू लागतात, तोवर खानावळीला रजा.

शेळ्यांचे निराळे. त्यांच्या पोटातच भट्टी असते. रात्री कडबा किंवा तुरीचे भुस पुढे असले की ते आंबताना ऊब देत राहते. म्हणून थंडीत रात्रीची वैरण महत्त्वाची, आणि सकाळी दव उडेपर्यंत चरायला सोडायचे नाही. पण करडू जन्मले की मात्र धावपळ. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, नाळेला आयोडीन लागले पाहिजे, अंग कोरडे झाले पाहिजे. एका पौषात आमच्या धाकट्या शेळीला करडू झाले, ते काकडताना पाहून आमच्यापैकी एकाने कपाटातला जुना स्वेटर कापून त्याला झूल शिवली. झूल छान झाली. शेळी मात्र करडाला जवळ घेईना, शिंगाने ढकलू लागली. तासभर आम्ही हवालदिल. शेवटी आजींनीच झूल हुंगली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. शेळी पोर ओळखते ती वासाने. झूल काढली, आजींनी करडाच्या अंगाला तिच्याच दुधाचा हात फिरवला, आणि ती त्याला चाटू लागली. तो स्वेटर आम्हाला लग्नात मिळालेला होता हे आजींना सांगितले तेव्हा त्या इतक्या हसल्या, की पदर तोंडावर धरावा लागला.

लसीचे काम दिवाळीआधी. राणीखेत, म्हणजे आमच्याकडे जिला मानमोडी म्हणतात, ती वस्तीच्या वस्ती रिकामी करते. लसीची एक कुपी शंभर पाखरांची; एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडे पाखरे वीस. त्यामुळे आता अख्ख्या वस्तीची मोजदाद होते, आणि एका संध्याकाळी कोंबड्या खुराड्यांत शिरल्यावर आम्ही बर्फाचा थर्मास घेऊन घरोघर जातो. एकाने बॅटरी धरायची, एकाने पंख उचलायचा, डॉक्टरांकडून शिकलेल्या आमच्या विद्यार्थ्याने सुई टोचायची. शिव्या कोंबड्यांच्या आणि चहा प्रत्येक घरी. गावाची आमची खरी ओळख या संध्याकाळींनी झाली. त्याआधी चार वर्षे आम्ही नुसते राहत होतो.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. थंडीतच ऊसतोड सुरू होते आणि उसात दडलेला बिबट्या बाहेर पडतो. कोंबड्यांची ती पातळ जाळी त्याला अडवत नाही. कोंबडी आत ठेवण्यापुरतीच ती. दोन वर्षांपूर्वी आजींची गाभण शेळी त्याने गोठ्याच्या उघड्या बाजूने नेली. तोच गोठा हवेशीर ठेवला म्हणून आम्ही त्यांचे कौतुक करत असू. त्यानंतर त्यांनी ती बाजू पत्र्याने बंद करून टाकली. आम्ही म्हणालो, आजी, जाड सळईची जाळी लावू, हवा खेळेल. त्या म्हणाल्या, "जाळीतून त्यो दिसतो शेळीला. रातभर उभी ऱ्हाती मंग." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी सळई लावली आणि तिच्या आतून गोणपाट. खालून वर, वीतभर फट ठेवून. शेळ्या बसतात की उभ्या राहतात हे पाहायला आजी काही दिवस तिथेच खाट टाकून निजल्या.

यंदा पडदे परवाच लावून झाले. पहाटे चारच्या सुमारास गारठा उतरतो तेव्हा आमच्यापैकी एकजण उठतो, बॅटरी घेऊन परसात जातो, दांडीवरची पाखरे मोजतो, आणि बोटाने गोणपाट जरासे, अगदी दोन बोटे, वर सरकवून येतो. सकाळी दुसरा ते पुन्हा खाली घेतो. याविषयी आम्ही एकमेकांशी बोलत नाही.