मुक्या सोबत्याचे औषध

राजुऱ्यास आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. त्याचे वय १३ वर्षांचे. म्हणजे आता तो आजोबाच म्हणावयाचा. गेल्या पावसाळ्यात त्याचे मागचे पाय आखडले व ओट्याची पायरी चढताना तो कण्हू लागला. आम्हांस त्याची दया आली, आणि दयेच्या भरात आमच्या हातून मोठा अविचार घडला. आमच्या गुडघेदुखीसाठी आणलेली आयब्युप्रोफेनची गोळी आम्ही त्यास लागोपाठ दोन दिवस चारली. तिसऱ्या दिवशी त्याने अन्न टाकले, त्यास ओकाऱ्या झाल्या व शौचास डांबरासारखे काळे होऊ लागले.

पशुवैद्य आम्हांस रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, जी गोळी तुम्हांस आराम देते, तीच कुत्र्याच्या जठरास व्रण पाडते व मूत्रपिंडे बिघडविते. पॅरासिटामॉलही त्यास घातकच." त्यांच्या उपचारांनी मोती वाचला, आमची मान मात्र खाली गेली.

पुढे पोट पूर्ण बरे झाल्यावर, रक्त तपासून, त्यांनी मेलॉक्सिकॅम हे औषध लिहून दिले : दिवसातून एकदाच, अन्नाबरोबर, सोबत दुसरे वेदनाशामक वा स्टेरॉईड मुळीच नाही. मात्रा वजनावर ठरते. म्हणून आम्ही मोतीस उचलून काट्यावर उभे राहिलो, मग एकटेच उभे राहिलो. वजाबाकी १८ किलो आली.

तरीही एकदा घोटाळा होता होता राहिला. सकाळी आम्ही गोळी दिली होती, हे ठाऊक नसल्याने सायंकाळी मुलगी दुसरी देण्यास निघाली. तेव्हापासून गोळी देताच भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करितो. एखादे दिवशी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देत नाही. गोळी भाताच्या मुटक्यात घालून देतो व ती गिळेपर्यंत जवळ बसतो. कारण म्हातारा लबाड आहे, भात खाऊन गोळी खाटेखाली टाकितो, आणि घरात रांगते मूल आहे.

औषधाची चूक एका घरापुरतीच राहते असेही नाही. गुरांस दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले व लक्षावधी गिधाडे मेली; अखेर २००६ साली सरकारास जनावरांसाठी त्याची बंदी करावी लागली.

मुलांनो, मुका प्राणी "पोटात दुखते" असे सांगत नाही. त्याने अन्न टाकले, तो ओकला, फार पाणी पिऊ लागला अथवा सुस्तावला, तर औषध थांबवून तत्काळ पशुवैद्यास विचारा. आमचे प्रेम खरे होते. परंतु विचारल्यावाचून केलेले प्रेम मोतीच्या जिवावर बेतले होते, हे आम्ही विसरणार नाही.