हाताची मातृभाषा

"उजवीकडे बसा," असे शिक्षकांनी सांगितले आणि पहिल्याच पायरीवर आम्ही अडखळलो. विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो. गेली अकरा वर्षे आम्ही सेस्ना १७२ हे चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान हौसेने चालवीत आलो आहोत, ते त्या डाव्या आसनावरूनच. डावा हात सुकाणूवर आणि उजवा हात थ्रॉटलवर, ही आमच्या दोन हातांमधली वाटणी एव्हाना इतकी मुरली आहे की तिचा वेगळा विचार मनात येत नाही. हेलिकॉप्टरात ही वाटणीच उलटी. यंत्राचा कल ठरवणारी दांडी उजव्या हातात आणि पात्यांचा कोन वाढवून यंत्र वर उचलणारा दांडा डाव्या हातात. विमानात शक्ती वाढवायची तर थ्रॉटल पुढे लोटायचा. येथे डाव्या मांडीशेजारचा दांडा वर खेचायचा.

स्थळ होते लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस असलेल्या टॉरन्स गावचा विमानतळ. जून महिन्यातील सकाळ होती; पॅसिफिकवरून रात्री आलेला ढगांचा करडा थर नुकता विरू लागला होता आणि पालोस व्हर्डेसच्या टेकड्यांचे माथे उघडे पडत होते. आमच्यासमोर उभे असलेले रॉबिन्सन आर-२२ हे यंत्र याच विमानतळाच्या कडेला असलेल्या कारखान्यातले. फ्रँक रॉबिन्सन या अभियंत्याने १९७३ मध्ये आपली कंपनी काढली. आर-२२ पहिल्यांदा उडाले १९७५ मध्ये आणि त्यास अधिकृत मान्यता मिळाली १९७९ मध्ये. आत जेमतेम दोन माणसे मावतात. माणसे, इंधन सगळे धरून यंत्राचे वजन ६२२ किलोंच्या वर जाता कामा नये. त्यामुळे वर्गात शिरण्यापूर्वी शिक्षकांनी आमचे वजन विचारले, आणि आम्ही ते दोन किलोंनी कमी सांगितले. त्यांनी काही न बोलता कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवले. शिक्षक पंचविशीचे, आमच्या थोरल्या मुलाच्या वयाचे; पण त्या क्षणापासून आम्ही मनातल्या मनात त्यांना आदरार्थी बहुवचन लावले.

यंत्राला हात लावण्यापूर्वी तासभर वर्गात बसावे लागले. ही केवळ शाळेची शिस्त नव्हती. आर-२२ आणि आर-४४ या यंत्रांना झालेल्या प्राणघातक अपघातांनंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये एक विशेष नियम काढला. या यंत्रांचे काही ठरावीक धोके समजावून सांगितल्यावाचून कोणासही त्यांच्या दांड्या हाताळू देऊ नये, असा त्याचा आशय. आर-२२ एकट्याने उडवण्यापूर्वी शिक्षकासह किमान २० तास उडालेले असावे, अशी अटही त्यात होती. त्याआधी, १९९३ मध्ये, खुद्द कारखान्यानेच एक सूचनापत्र काढले होते. शिक्षकांनी ते आमच्यापुढे ठेवले. ते नवशिक्यांसाठी नव्हते. विमान चालवण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या आणि हेलिकॉप्टरात नव्याने आलेल्या वैमानिकांसाठी होते. अशी माणसे, सूचनापत्राच्या म्हणण्याप्रमाणे, विचाराला वेळ असतो तोवर हेलिकॉप्टर उत्तम चालवू शकतात. पण अचानक काही घडले की त्यांच्या अंगात भिनलेली विमानाची प्रतिक्रिया उसळून वर येते, आणि तीच प्राणघातक ठरते.

आम्ही ते लक्षपूर्वक वाचले. मान डोलावली. शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे तत्परतेने दिली. लेखी परीक्षा असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. खरे सांगायचे तर 'दीर्घ अनुभव असलेले' एवढे शब्द आम्हांस त्या सगळ्या मजकुरात जास्त आवडले होते.

मग यंत्रात बसलो. दोघांच्या मधोमध खालून एक खांब वर आलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर तराजूच्या दांडीसारखी झुलणारी आडवी दांडी. तिचे एक टोक शिक्षकांपुढे, दुसरे शिष्यापुढे. शिक्षकांनी आपले टोक मांडीशी घेतले की शिष्याचे टोक छातीशी जाते. इंजिन सुरू झाले, डोक्यावरची दोन पाती फिरू लागली आणि दिसेनाशी झाली. उड्डाणापूर्वीच्या तपासण्या शिक्षक करीत होते; आमचे हात दांड्यांवर नुसते हलकेच टेकवलेले होते. शेवटची तपासणी भोंग्याची. रोटरचा वेग ठरलेल्या प्रमाणाच्या ९७ टक्क्यांपर्यंत उतरला की हा भोंगा वाजतो. शिक्षकांनी वेग किंचित उतरवला, डावा दांडा केसभर उचलला आणि भोंगा वाजला.

आमचा उजवा हात पुढे गेला.

आम्ही तो पुढे नेला नाही, तो गेला. हेलिकॉप्टर जमिनीवर उभे होते, भोंगा वाजणार हे शिक्षकांनी दोन वाक्यांपूर्वीच सांगितले होते, आणि भोंगा वाजल्यावर काय करू नये हे आम्ही अर्ध्या तासापूर्वी तोंडपाठ म्हणून दाखवले होते. तरी हात गेला. दोन बोटे अंतर गेला असेल नसेल, तोच थांबला. कारण दांडीच्या मधल्या खांबाशी शिक्षकांची पकड होती. ती आधीपासूनच तेथे होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "सगळ्यांचाच जातो," एवढे म्हणून ते पुढच्या तपासणीकडे वळले.

हा हात कोठून आला हे सांगितले पाहिजे. सेस्नाचा वेग फार उतरला आणि पंखांवरून वाहणारी हवा विस्कटण्याच्या बेतास आली की तेथेही एक भोंगा कण्हू लागतो. त्याचे उत्तर पहिल्या काही तासांतच शिकवले जाते: सुकाणू पुढे, थ्रॉटल पुढे. नाक खाली गेले की पंखांस पुन्हा हवा मिळते, वेग येतो, विमान सावरते. दोन्ही हात पुढे, हे आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतले गेले आहे की त्या आवाजामागून हात पुढे जाण्यास आमच्या परवानगीची गरज उरलेली नाही. ही सवय वाईट नाही. तिने जीव वाचतात.

हेलिकॉप्टरात मात्र पंख म्हणजे फिरणारी पातीच. त्यांचे फिरणे मंदावले की आधारच संपला. तेथे भोंग्याचे उत्तर असे: डावा दांडा खाली, इंजिनाची शक्ती वर, आणि पुढे जात असल्यास उजवी दांडी हळुवारपणे मागे, म्हणजे रोटरला वेग परत मिळतो. विमानाच्या सवयीने दांडी पुढे लोटली तर तो वेग आणखी उतरतो. त्यात अधिक शक्तीच्या आशेने डावा दांडा वर ओढला तर सेकंदाच्या आतही पाती आपली पकड सोडू शकतात. पकड सुटली की ती परत मिळत नाही. दुसरा धोका समोर पक्षी आल्याचा. विमानाचा वैमानिक नाक खाली दाबून त्याच्या खालून जातो. आर-२२ ची दोन पाती माथ्यावर झुल्यासारखी टेकलेली असतात आणि बाकीचे यंत्र त्यांना लोंबकळत असते. नाक एकदम खाली दाबले की क्षणभर यंत्र भारहीन होते. शेपटीकडच्या लहान रोटरचा रेटा त्यास उजवीकडे कलंडवू लागतो. वैमानिक साहजिकच दांडी डावीकडे नेतो. पाती कलतात, पण खालचे यंत्र त्यांच्यामागे येत नाही, आणि पात्यांचा मधला भाग आपल्याच खांबावर आदळून खांब तुटू शकतो. योग्य उत्तर अगदी साधे आहे: पक्षी चुकवायचा तर डावा दांडा खाली करावा आणि उजवा हात जवळजवळ हलवू नये.

लहानपणी वाचलेली बिरबलाची एक गोष्ट त्या दिवशी वारंवार आठवत राहिली. दरबारात एक पंडित येतो. अनेक भाषा तो अशा अस्खलित बोलतो की त्याची मातृभाषा कोणती हे कोणासच ओळखता येत नाही. बिरबल रात्री त्यास झोपेत दचकवतो, आणि पंडित ओरडतो तो आपल्या मातृभाषेत. आम्ही वर्गात हेलिकॉप्टरची भाषा अस्खलित बोललो होतो. भोंगा वाजताच हात मातृभाषेत ओरडला.

भाषेचाच दाखला आणखी थोडा पुढे नेतो, कारण वाचकांपैकी बहुतेकांचा तो व्यवसाय आहे. मराठी माणूस तमिळमध्ये चुकत नाही; त्यास ती येतच नाही. तो चुकतो हिंदीत. 'शिक्षा' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे छडी येते, हिंदी भाषकाच्या डोळ्यांपुढे शाळा. 'चेष्टा' आम्ही थट्टेने करतो, ते प्रयत्नपूर्वक करतात. शब्द तोच, लिपी तीच, उच्चार जवळपास तोच. म्हणूनच थांबून विचार करण्याची गरज भासत नाही, आणि फसगत होते. दांडी, पेडल, वेगाचा काटा, भोंगा: दोन्ही यंत्रांत शब्द तेच आहेत. ज्याने कधीच विमान चालवलेले नाही त्यास ही अडचण नाही. त्याच्या हातास भोंगा ऐकून काहीच सुचणार नाही, आणि न सुचणे हे चुकीचे सुचण्यापेक्षा शिक्षकास परवडते.

असो. त्यानंतर उड्डाण झाले. धावपट्टीपासून दूर, गवताच्या एका पट्ट्यावर शिक्षकांनी यंत्र जमिनीपासून चार-पाच फुटांवर उचलून स्थिर धरले. एखाद्याने पेला हातात धरावा तसे. मग एकेक काम आमच्याकडे दिले. आधी नुसती पेडले: नाक समोरच्या हँगरकडे रोखून धरा. हे जमले. मग नुसता डावा दांडा: उंची राखा. हेही बऱ्यापैकी जमले. मग ती दोन्ही काढून घेऊन उजवी दांडी दिली.

पहिले तीन सेकंद काहीच झाले नाही. मग यंत्र किंचित पुढे सरकू लागले, आम्ही दांडी मागे घेतली, ते मागे निघाले, आम्ही पुढे केली, ते अधिक वेगाने पुढे निघाले आणि मध्येच डावीकडेही. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. "माझ्याकडे," असे शिक्षकांनी म्हणताच यंत्र पुन्हा पेल्यातल्या पाण्यासारखे निश्चल. असे सात-आठ वेळा झाले. चूक डोळ्यांना दिसल्यावर आम्ही ती दुरुस्त करीत होतो. पण दुरुस्तीचा परिणाम दिसायला क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात आम्ही आणखी दुरुस्ती करीत होतो, आणि ती दुसरी दुरुस्ती हीच पुढची चूक ठरत होती. विमान थोडे दुर्लक्ष सहन करते. नीट समतोल साधलेले सेस्ना हात सोडले तरी आपले आपण चालत राहते. या यंत्राला ते माहीत नाही. शिक्षक म्हणाले, उजवा हात मांडीवर टेकवा, पायापुढच्या गवताकडे पाहू नका, दूरच्या टेकडीकडे पाहा, आणि दांडी हलवू नका. हलवण्याचा नुसता विचार करा.

आम्ही टेकडीकडे पाहिले. घामाने तळहात ओला झाला होता. तेवढ्यात शिक्षकांनी सहज विचारले, "तुमच्या भाषेत हेलिकॉप्टरला काय म्हणतात?"

आम्ही विचारात पडलो. कोशात असतील ते शब्द आठवून पाहिले. कोणीही ते घरात बोलत नाही. शेवटी म्हणालो, "हेलिकॉप्टरच." ते हसले आणि त्यांनी आपले दोन्ही हात वर करून दाखवले. ते हात केव्हापासून वर होते कोण जाणे. ते लक्षात आले त्या क्षणीच झोके पुन्हा सुरू झाले. पण त्यापूर्वीचे काही सेकंद यंत्र गवतावर उभे होते, आणि दांडीवर हात आमचा एकट्याचा होता.

गाडीत बसून परतताना त्या काही सेकंदांचा आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण मनात घर करून राहिला तो जमिनीवरचा भोंगा. शिकण्याविषयी बोलताना आपण पाटी कोरी करण्याची भाषा करतो. नव्या गुरूकडे जावे ते जुने विसरून जावे, असे म्हणतो. आमचा हात काही विसरणार नाही, आणि त्याने विसरू नये हेच बरे, कारण सेस्नात त्याच सवयीवर आमचा आणि सोबत बसणाऱ्या घरच्या माणसांचा जीव अवलंबून आहे. तेव्हा पाटी पुसण्याचा प्रश्नच नाही. एकाच हातावर परस्परविरुद्ध अशी दोन उत्तरे लिहून ठेवायची आहेत, आणि कोणत्या वेळी कोणते वाचायचे हे डोक्यास विचारण्याइतका वेळ मिळणार नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही सेस्ना घेऊन निघालो. सरावाच्या जागी चार हजार फुटांवर नेहमीसारखे थ्रॉटल मागे घेतले, नाक वर धरून ठेवले, वेग उतरू दिला. भोंगा कण्हू लागला. दोन्ही हात पुढे गेले, विमान सावरले. सगळे नियमाप्रमाणे झाले. फक्त भोंगा वाजणे आणि हात निघणे यांच्या मध्ये या वेळी अर्धा क्षण होता. अकरा वर्षांत तो तेथे कधी नव्हता. त्या अर्ध्या क्षणात आमच्या हाताने, आम्हांस न विचारता, आपण कोणत्या यंत्रात बसलो आहोत हे पाहून घेतले होते. जमिनीलगत असतो तर तो अर्धा क्षणही महागात पडला असता, हे आम्हांस कळते. तो कमी करण्यासाठी आता दोन्ही यंत्रांत पुष्कळ घासावे लागणार आहे. पुढचा धडा गुरुवारी आहे. या वेळी काट्याने विचारण्यापूर्वी आम्ही वजन खरे सांगणार आहोत.