घराचा चेहरा

ब्रन्सविक स्क्वेअरमधले आमचे घर बाहेरून पाहिले की गावाकडचे पाहुणे थक्क होतात. "केवढा हा वाडा!" म्हणत खांबांकडे पाहत राहतात. मग मी त्यांना पायऱ्या वर चढू न देता खाली, फुटपाथाच्या पातळीखाली नेतो. पूर्वी जिथे या घराचा स्वयंपाक होई, तिथे आता आमचे बिऱ्हाड आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला खेटून होव्ह गाव आहे. धनिकांनी समुद्राची हवा खायला यावे म्हणून १८२० नंतरच्या दशकात ही वसाहत उठली. चार्ल्स बझ्बी हा तिचा स्थपती. तीन बाजूंना घरांच्या ओळी, चौथीला समुद्र. घरे भिंतीला भिंत लावून उभी. पण दुरून पाहावे तर एकच राजवाडा वाटावा.

या घरातली उतरंड, वाचकहो, खिडक्यांवरून ओळखावी. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना. तिथल्या खिडक्या सर्वांत उंच. वर जावे तशा त्या लहान होत जातात, आणि अगदी माथ्यावर नोकरांच्या खोल्या. कोळशाची कोठी रस्त्याखाली. कोळसेवाल्याने वरचे गोल झाकण उघडून पोते तिथूनच रिकामे करायचे. त्याचे काळे पाय गालिच्यावर उमटायला नकोत! मालक फुगीर खिडकीत बसून समुद्र पाही. स्वयंपाकिणीला दिसत ते जाणाऱ्या-येणाऱ्यांचे जोडे. मलाही तेच दिसतात.

आणि दर्शनी दगड तरी कुठे दगड आहे? गिलाव्यावर रेघा ओढून केलेला तो भास! या भागातल्या पुष्कळ जुन्या भिंतींच्या पोटात 'बंगारूश' असतो: गारगोट्या, विटांचे तुकडे, चुना, जे हाताला लागेल ते. गिलाव्याला फट पडली की भिंत ओल धरते. म्हणून रंग हवाच. १८३० साली या वसाहतीसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यातही रंगाची सक्ती होती. आजही दर पाच वर्षांनी ठरलेला सायीचा रंग द्यावा लागतो.

यंदा आमच्या वाटणीचा आकडा आला. दिवाळीत गावी जाण्यासाठी साठवलेली पुंजी जवळजवळ तेवढीच होती. मी चिडून म्हणालो, "खांब वरच्यांचे, समुद्र वरच्यांचा, आणि रंग माझ्या पैशाने!"

सौभाग्यवती करंज्या मुरडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, आकाशकंदील आपण कुठे टांगतो? घरात बसून तो आपल्याला दिसतो का?"

यावर काय बोलणार? १९४५ साली या ओळी पाडण्याचा घाट घातला गेला होता. तेव्हा रिजन्सी सोसायटी स्थापून लोकांनी त्याला विरोध केला, म्हणून हे खांब आज उभे आहेत. घराचा चेहरा घरात राहणाऱ्यांच्या एकट्याचा नसतो. रस्त्यावरून जाणाऱ्याचाही त्यात वाटा असतो.

मी पैसे भरले. गावी जाणे पुढच्या वर्षावर गेले. आईला फोनवर हे सांगताना माझा आवाज जड झाला. ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले,

"रंग कोणता दिलास?"

"सायीचा."

"मग उजळ दिसत असेल हो घर," ती म्हणाली.