उसना कान

ध्वनियंत्रांच्या षौकिनांसाठी निघणाऱ्या मासिकांतली परीक्षणे मी फार आवडीने वाचतो. ज्या ॲम्प्लिफायरची किंमत ऐकूनच छातीत धडकी भरावी, त्याच्या गुणावगुणांची चार-चार पाने मी वाचून काढतो. मित्रमंडळी हसतात. “यंत्र ऐकायचे की वाचायचे?” असे विचारतात.

हा प्रश्न मुंबईकराने खुशाल विचारावा. लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्याला यंत्र वाजवून पाहता येते. आमच्या नवेगाव बांधला तलाव आहे, जंगल आहे; पण असली यंत्रे ऐकायची तर शंभरावर किलोमीटर तुडवून नागपूर गाठावे लागते. येथे परीक्षण म्हणजे उसना घेतलेला कानच!

हा धंदा तसा जुना. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझीने 1923 साली इंग्लंडात ‘ग्रामोफोन’ मासिक काढले. पुढे 1962 साली अमेरिकेत गॉर्डन होल्टने ‘स्टिरिओफाइल’ सुरू केले. नुसत्या मोजमापांवर न विसंबता यंत्र घरी वाजवावे आणि कानाला जे जाणवले ते लिहावे, हा त्याचा बाणा.

पण कानही मोठा लबाड! दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजले, की तेच सरस वाटते. 1994 साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांदेखत ऐकवले. स्पीकर दिसताच गुण बदलले! मग परीक्षकाच्या टेबलावर यंत्राचे नाव आणि किंमत दोन्ही असताना काय होत असेल?

परवा माझा पुतण्या असेच एक परीक्षण घेऊन आला. धानाचे पैसे हाती यायचे होते. “काका, घेऊन टाकू का?” मी म्हटले, “बाबा रे, आधी या परीक्षकाचीच परीक्षा घे. तुझ्या घरी जो जुना स्पीकर आहे, त्याच्याविषयी यानेच काय लिहिले आहे ते शोध. तुझ्या कानाशी ते जुळते का बघ. त्याची खोली केवढी, यंत्र कशाशी ताडून पाहिले, कधी कशाला नावे ठेवली आहेत का, तेही पाहा. आणि नागपूरला जाशील तेव्हा खंजिरीच्या भजनाची ध्वनिफीत ने.”

खंजिरी आम्ही लहानपणापासून माइकशिवाय, हातभर अंतरावरून ऐकलेली. कातड्याची थाप आणि झांजांची किणकिण एकदमच उठते. ती मिसळून गेली, तर आमच्याकडची म्हातारी माणसेदेखील मान हलवतील.

पुतण्याने ते जुने परीक्षण शोधून काढले. निम्मे त्याला पटले, निम्मे पटले नाही. आता तो त्या परीक्षकाला ओळखू लागला आहे. धान विकले, की तो नागपूरला जाणार आहे.