चोच आणि चारा

ज्याने चोच दिली तो चाराही देईल, ही म्हण सध्या काही केल्या डोक्यातून जात नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या परसात मिल्कवीडच्या रोपांवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या आहेत. या अळीला दुसरं काही चालतच नाही. मादी पायांनी पान चाखून बघते आणि मगच त्याच्या खालच्या अंगाला, सहसा एकच, अंडं चिकटवते. म्हणजे चोच फुटायच्या आधी चारा तयार.

पण तो चारा चिकानं भरलेला. काही इवल्या अळ्या पहिल्याच घासाला त्यात चिकटून मरतात. मोठ्या अळ्या आधी देठाजवळची शीर कुरतडतात, चीक वाहून जाऊ देतात आणि पान लुळं पडून लोंबू लागलं की खायला बसतात. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी डोकं वरखाली करत पानाची कड संपवत जाते, ते बघताना माझा चहा निवतो. चिकातलं विष अंगात मुरल्यामुळे बरेच पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. टॅकिनिड माशी जाते. ती अळीच्या अंगावर अंडी घालते, आणि तिची पिल्लं आत शिरून अळीलाच खात वाढतात. त्यांनाही चोच त्यानेच दिली ना?

माझी आजी ही म्हण शेजारच्या काकूंना ऐकवायची. त्यांना पाचवं मूल झालं होतं आणि काकांची नोकरी सुटली होती. आजी तोंडानं ‘तो देईल’ म्हणायची आणि हातानं परातीत आणखी दोन ओंजळी पीठ घ्यायची. भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्याकडे द्यायची, ‘मागच्या दारानं जा’ असं बजावून. काकू फडकं कधी रिकामं परत पाठवत नसत. चार चिंचा तरी त्यात असायच्या. देणारा तो, असं आजी मनापासून मानायची. मग मागचं दार कशासाठी?

इथले काहीजण अळ्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवतात. मलाही हात पुढे करावासा वाटतो. आजीच्या भाकरीनं कुणाच्या तोंडचा घास जात नव्हता. इथे अळी वाचवली की माशीची पिल्लं उपाशी. यातलं एखादं फुलपाखरू मेक्सिकोत मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत पोचेल, म्हणून माझं मन अळीकडे झुकतं. माशी तेवढ्या लांब जात असती तर? आजीनं अळी नक्की उचलली असती, असं कालपर्यंत वाटत होतं. आज तेही सांगवत नाही.